टाके निघाल्यानंतरचं वर्ष

"डॉक्टर, हे आधी बरं होतं."

भोकरदनकडचा तो पंचविशीतला तरुण खुर्चीत बसायच्या आधीच बोलून मोकळा झाला. तोंडाला बांधलेला रुमाल त्याने सोडला. उजव्या भुवईच्या टोकापासून गालाच्या हाडावर उतरणारी बोटभर लांबीची रेघ दिसली. लालसर, थोडी वर आलेली, हाताला कडक लागेल अशी. दोन वर्षांपूर्वी रात्री शेतावरून परतताना त्याची मोटारसायकल खडीवरून घसरली होती. जखम भरली, पण मागे रुंद, आत खचलेला आणि काळपट व्रण राहिला. तीन महिन्यांपूर्वी तो व्रण शस्त्रक्रियेने काढून जागा नव्याने शिवली. टाके निघाले त्या दिवशीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. त्या फोटोत रेघ केसाएवढी बारीक होती. तो फोटो पुढे करून तो म्हणाला, "हे बघा. असं होतं. आता हे काय होऊ लागलंय?"

डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही. अंगठा त्या रेघेवर ठेवून दाबला आणि उचलला. लाली क्षणभर गेली, फिक्या कातडीचा ठसा उमटला आणि लाली परत भरून आली. "बघ, रक्त अजून जोरात फिरतंय इथं. म्हणजे आत काम चालू आहे. तिसरा महिना सगळ्यात वाईट दिसतो रे. शस्त्रक्रियेच्या आधीच सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण आरशात बघितल्यावर कुठं आठवतंय?"

जालन्यातल्या एका खासगी रुग्णालयात ठरलेल्या दिवशी संभाजीनगरहून हे प्लास्टिक सर्जन येतात. त्यांच्या बाह्यरुग्ण कक्षाच्या कोपऱ्यात मी बसले होते. या वर्षीच्या अंकाचं सूत्र 'चेहरा' आहे, असं संपादकांनी कळवलं. तेव्हा चित्रकार, नट, मुखवटे असे विषय डोळ्यांसमोरून गेले. पण आपल्या गावातला, आपल्या एसटीत शेजारी बसलेला माणूस रुमाल का सोडत नाही, हा प्रश्न मला जास्त जवळचा वाटला. इथे बसल्यावर एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळली. व्रणावर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांच्या मनात सगळा भार शस्त्रक्रियेच्या दिवसावर असतो आणि डॉक्टरांच्या मनात त्यानंतरच्या वर्षावर. या दोन हिशेबांतलं अंतर फार मोठं आहे. बहुतेक निराशा त्याच अंतरात जन्माला येते.

खडी, दोरा आणि पहिली रात्र

जालना जिल्हा १९८१ साली झाला. बियाण्यांच्या कंपन्या, लोखंडी सळईचे कारखाने आणि मोसंबीच्या बागा ही त्याची ओळख. या तिन्ही ठिकाणची माणसं त्या कक्षाबाहेरच्या बाकावर भेटली. रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडाची चिळकांडी कानशिलावर उडालेला कामगार होता. मळणीयंत्रात पदराचं टोक गेलं आणि हनुवटी फाटली, अशी परतूरकडची एक बाई होती. बैलाचं शिंग गालात घुसलेले एक आजोबा होते. त्यांना व्रणाचं काही वाटत नव्हतं, नातवाने धरून आणलं होतं. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने नाक आणि गाल चिरलेली मुलंही इथे येतात. त्या मांजावर बंदी आहे, तरी तो मिळतो. दुचाकीवरून पडलेल्यांची गर्दी मात्र सगळ्यांत मोठी. त्यातल्या जवळपास कुणाच्याच डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

व्रण कसा होणार याचं निम्मं उत्तर पहिल्या रात्रीच ठरलेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. रस्त्यावर घासलेल्या जखमेत डांबराचे, मातीचे बारीक कण घुसतात. ते पहिल्या दिवशीच भरपूर पाण्याने आणि ब्रशने घासून काढले नाहीत, तर कातडी त्यांच्यावरून भरून येते. मग गोंदणासारखे निळे-काळे ठिपके कायमचे राहतात. भूल न देता जखम घासणं शक्य नसतं आणि रात्री अकराला एकट्या डॉक्टरसमोर रक्त थांबवणं हे पहिलं काम असतं. त्यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण परिणाम चेहऱ्यावर राहतो.

दुसरी गोष्ट दोऱ्याची. चेहऱ्यावरचे वरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढायचे असतात. त्यापुढे ते ठेवले, की प्रत्येक टाक्याच्या दोन्ही बाजूंना आडवी खूण उमटते आणि व्रण रेल्वेच्या रुळासारखा दिसू लागतो. गावाकडे उलट समज आहे. "पक्कं होऊ द्या, घाई कशाला," म्हणून लोक दहा-बारा दिवस टाके काढायलाच येत नाहीत. गालावर अशी शिडी घेऊन आलेल्या एका मुलीच्या आईने मला सांगितलं, "पेरणी चालू होती ओ ताई. कोण आणणार हिला?"

आणि मग घरचे इलाज. हळद, चुना, टूथपेस्ट, गाडीचं ऑइल. बिब्ब्याचं तर विचारूच नका. मराठवाड्यात बिब्बा अजून घरोघरी असतो. सुजेवर, मुरगळण्यावर त्याचा चटका देतात. त्याच्या फळातलं तेल इतकं दाहक असतं, की ते कातडीवर उतलं तर फोड येतात आणि फोडांच्या जागी काळे डाग, कधी जाड व्रण राहतात. अपघाताची खूण लहान आणि तिच्यावर लावलेल्या बिब्ब्याची मोठी, असे चेहरे मी तिथे पाहिले.

कातडीचा कल

डॉक्टरांनी एका कागदावर चेहरा काढला आणि त्यावर रेघा ओढल्या. कपाळावर आडव्या, डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून पंख्यासारख्या, नाकपुडीपासून ओठाच्या कडेपर्यंत उतरत्या. म्हातारपणी सुरकुत्या जिथे पडणार, तिथेच साधारण या रेघा असतात. व्हिएन्नातल्या कार्ल लांगर या शरीररचनातज्ज्ञाने १८६१ साली मृतदेहांच्या कातडीला गोल टोकाच्या दाभणाने भोकं पाडली, तेव्हा भोकं गोल राहिली नाहीत, लांबट झाली. कातडी एका दिशेने जास्त ताणलेली असते, हे त्यावरून दिसलं. आज सर्जन मृतदेहावरच्या त्या नकाशापेक्षा जिवंत चेहऱ्याच्या हालचालींवर जास्त भरवसा ठेवतात. "हस बघू, डोळे घट्ट मिट, ओठांचा चंबू कर," असं सांगून पेनने खुणा करतात. जो व्रण या रेघांच्या बाजूने जातो तो लपतो. जो आडवा छेदून जातो तो रोज हसण्या-बोलण्याने ताणला जातो, रुंदावतो.

व्रणसुधार शस्त्रक्रिया म्हणजे काय, याबद्दल बाकावरच्या मंडळींची कल्पना अशी, की डॉक्टर डाग खरवडून पुसून टाकतात. तसं होत नाही. जुना वाईट व्रण काढून त्याच्या जागी नवा, चांगल्या दिशेचा आणि बारीक व्रण मुद्दाम तयार करायचा असतो. व्रण शून्यावर येत नाही. हे वाक्य डॉक्टर प्रत्येकाला संमतीपत्रावर सही घेण्याआधी सांगतात आणि परत म्हणूनही घेतात.

एक शस्त्रक्रिया मला बघायला मिळाली. गालावरचा रुंद व्रण. आधी पेनने आखणी, मग भुलेचं इंजेक्शन. हा क्रम महत्त्वाचा, कारण इंजेक्शनने जागा फुगते आणि नंतर आखलेली रेघ चुकते. इंजेक्शनमध्ये रक्त कमी वाहावं म्हणून अॅड्रिनलिन असतं. त्याचा परिणाम होईपर्यंत सगळे काही मिनिटं नुसते थांबले. मग व्रणाभोवती होडीच्या आकाराचा छेद. होडीची टोकं निमुळती ठेवावी लागतात, नाहीतर कडेला कातडीचा उंचवटा उभा राहतो. त्यामुळे नवी रेघ जुन्या व्रणापेक्षा लांब होते. घरी गेल्यावर नातेवाईक हेच बघून घाबरतात. कडांची कातडी खालून थोडी मोकळी केली आणि खरं शिवण आतल्या थरात घातलं, विरघळणाऱ्या दोऱ्याने. सगळा ताण त्या आतल्या टाक्यांनी पेलायचा. वरचे टाके अगदी बारीक नायलॉनचे, नुसत्या कडा एकमेकींना टेकवण्यापुरते. काम संपल्यावर कडा किंचित उचललेल्या दिसत होत्या. त्याही मुद्दाम तशा ठेवलेल्या. व्रण पुढे सपाट होताना खाली बसतो, म्हणून आज थोडा वर ठेवायचा.

व्रण आखडून पापणी किंवा ओठाचा कोपरा ओढला गेला असेल, तर 'झेड' आकाराचा छेद घेऊन कातडीचे दोन त्रिकोण अदलाबदल करतात. साठ अंशांचे त्रिकोण घेतले, तर भूमितीच्या हिशेबाने ओढलेल्या दिशेला सुमारे ७५ टक्के जास्त लांबी मिळते. लांब सरळ रेघ असेल तर तिचे मुद्दाम नागमोडी, तुटक तुकडे करतात. माणसाची नजर सरळ रेघ लगेच पकडते, तुटक रेघेवर अडकत नाही.

हे सगळं कधी करायचं? मूळ जखम होऊन सहा महिने ते वर्षभर थांबून. व्रण आपला आपण किती सुधारतो, ते आधी बघायचं. अपवाद पापणीचा. डोळा मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून नजर जाऊ शकते, तिथे थांबता येत नाही.

पुण्याजवळचा कुंभार आणि पंढरपूरचे डॉक्टर

या शास्त्राचा एक मोठा धागा आपल्याच मातीतून गेलेला आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी हा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याची हकिगत चित्रासह छापून आली आणि पुढे युरोपात नाकाच्या शस्त्रक्रियेला नवी सुरुवात झाली.

ही गोष्ट नाकासाठी सांगितली जाते. मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. नाक बसवल्यावर काय करायचं, हे त्या हकिगतीत नीट नोंदवलेलं आहे. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा आणि त्या एकावर एक चिकटवायच्या, चार दिवस दुसरं काही लावायचं नाही, मग तुपात भिजवलेलं फडकं ठेवायचं. कपाळ आणि नाक यांना जोडणारी कातडीची पट्टी पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायची. नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वळ्या घालायच्या. आणि कपाळावरचा व्रण काही काळाने फारसा जाणवत नाही, असंही तिथे लिहून ठेवलेलं आहे. त्या कारागिराला आणि त्याचं काम टिपणाऱ्याला नंतरच्या दिवसांचं महत्त्व ठाऊक होतं.

दुसरं नाव डॉ. शरदकुमार दीक्षित यांचं. १९३० मध्ये पंढरपुरात जन्मलेले दीक्षित अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले आणि १९६८ पासून भारतात येऊन मोफत शस्त्रक्रियेची शिबिरं घेऊ लागले. पुढे अपघाताने शरीर अधू झालं, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावं लागलं, हृदयविकार जडला. तरी ते चाकाच्या खुर्चीत बसून, घशाला यंत्र लावून बोलत आणि दिवसभर एकामागून एक शस्त्रक्रिया करत. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये ते गेले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने महाराष्ट्रात ही शिबिरं मोठ्या प्रमाणावर भरवली. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण ही त्या शिबिरांच्या जाहिरातींतली यादी मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी वाचून मुलांना गाडीत बसवलं. ज्यांना प्लास्टिक सर्जरी म्हणजे सिनेनट्यांचं काहीतरी वाटे, त्यांच्यापर्यंत ती या माणसाने पोहोचवली. त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

पण शिबिराचं स्वरूपच असं, की डॉक्टर येतात, काही दिवसांत डोंगराएवढं काम करतात आणि जातात. दुभंगलेल्या ओठाच्या बाबतीत त्या एका दिवसात आयुष्य बदलतं. व्रणाच्या बाबतीत तो दिवस कामाची सुरुवात असतो. पुढचे बारा महिने स्थानिक डॉक्टरांवर, घरच्यांवर आणि रुग्णाच्या चिकाटीवर सोडलेले असतात आणि त्यांची जाहिरात कुणी काढत नाही.

आत चाललेलं काम

जखम शिवल्यावर पहिले काही दिवस सूज. मग साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत शरीर घाईघाईने कोलॅजेन नावाचे तंतू तयार करतं आणि रक्ताच्या नव्या बारीक वाहिन्या उगवतात. हे तंतू वेडेवाकडे, गुंताडा झालेले असतात. त्यानंतर सुरू होतं ते दुरुस्तीचं काम. जुने तंतू मोडायचे, नवे ताणाच्या दिशेने लावायचे, नको त्या रक्तवाहिन्या बंद करायच्या. हे वर्षभर, कधी दीड वर्ष चालतं. मधल्या महिन्यांत तंतू सगळ्यात दाट असतात आणि रक्त सगळ्यात जास्त, म्हणून व्रण लाल, जाड, खाजरा होतो. भोकरदनच्या तरुणाला आरशात दिसत होतं ते हेच.

ताकदीचा हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिसऱ्या आठवड्यात त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या साधारण २० टक्के असते. तिसऱ्या महिन्यात ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि पुढे फारशी वाढत नाही. टाके मात्र निघतात पहिल्याच आठवड्यात. म्हणजे टाके काढून माणूस मोकळा होतो, तेव्हा ती रेघ सगळ्यात कच्ची असते. म्हणून टाक्यांच्या जागी चिकटपट्टी येते. कागदी, कातडीच्या रंगाची, औषधाच्या दुकानात स्वस्त मिळणारी. ती रेघेवर नीट बसवून काही आठवडे रोज ठेवायची. ती ताण घेते. मी ज्या सिस्टरबरोबर बसले होते, त्यांचं अर्धं काम हे पट्टी लावायला शिकवण्याचं होतं. "आधी एका बाजूला चिकटवा. मग कातडी बोटानं रेघेकडं सरकवा आणि मग दुसरी बाजू. ओढून लावू नका, फोड येतो. कडा सुटल्या तर तेवढ्या कापा, रोज उपटू नका." प्रत्येकाकडून त्या एकदा लावून घेत. आजीबाईंचा हात थरथरत होता म्हणून सुनेला पुढे बोलावलं.

जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉन. जेलचा पातळ थर दिवसातून दोनदा किंवा पट्टी रोज बारा तास आणि त्याहून जास्त, निदान दोन-तीन महिने. सिलिकॉन कातडीत काही सोडत नाही. ते वरून झाकण घालून आतला ओलावा टिकवतं. ओलावा टिकला, की तंतू तयार करणाऱ्या पेशी थंडावतात, असा अभ्यासकांचा कयास आहे. जेलची छोटी ट्यूब शेतमजूर बाईच्या दोन-तीन दिवसांच्या रोजाइतकी पडते. पहिली ट्यूब सगळे घेतात. दुसरीच्या वेळी गळती सुरू होते.

तिसरं काम मालिश. टाके निघाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल घेऊन बोटाने घट्ट दाब द्यायचा आणि खालची कातडी हलेल असं गोल फिरवायचं, पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. वरून नुसतं चोपडून काही होत नाही. 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून लावण्याची मोठी पद्धत आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये छापल्या गेलेल्या एका छोट्या अभ्यासात तिचा फायदा दिसला नाही आणि तिघांतल्या एकाला उलट पुरळ उठलं.

त्याहून घातक म्हणजे गोरं करणारी क्रीमं. औषधाच्या दुकानात नुसतं मागितलं, की हातात पडणाऱ्या त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस डाग उजळतो, पुढे चेहऱ्याची कातडी पातळ होते, पुटकुळ्या आणि बारीक केस येतात. २०१८ मध्ये सरकारने अशा कितीतरी स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी मंठ्याहून आलेल्या एका बाईने पिशवीतून तीच ट्यूब काढून दाखवली. "दुकानदारानं दिली, चांगली आहे म्हणला."

ऊन

जालन्यातल्या व्रणाचा सगळ्यात मोठा शत्रू ऊन आहे. इथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, पण कातडी काळी पाडणारे किरण दिवाळीच्या गोड उन्हातही असतात आणि ढगांतूनही येतात. आपल्या सावळ्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी तत्पर असतात. कोवळ्या व्रणावर ऊन पडलं, की त्या काम सुरू करतात आणि बारीक बसलेली रेघ सहा महिन्यांत काळी होते. आकार सुधारला आणि रंग बिघडला, अशी ही गत.

मंठ्याच्या त्या बाईचं तेच झालं होतं. हनुवटीवरची शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, डॉक्टरांनी मला बोटाने दाखवलं. पण पुढे कापूस वेचणी आली. सकाळी सात ते दुपारपर्यंत आणि पुन्हा चार ते सहा, दोन महिने. सनस्क्रीन लावायचं तर दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यायचं आणि दर दोन तासांनी परत लावायचं, असा नियम. शेतात, घामात, कापसाच्या धुळीत हे कोण करणार? डॉक्टरांनी तो नियम तिच्यापुढे ठेवलाच नाही. त्यांनी विचारलं, "मावशी, वेचायला जाताना तोंडाला काय बांधता?" तिने खांद्यावरचा सुती स्टोल दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उजेडासमोर धरला. विरळ विणीतून खिडकी दिसत होती. "हा दुहेरी करा. गडद रंगाचा मिळाला तर आणखी चांगलं. हनुवटीवरून सैल घ्या, घासता कामा नये. आणि आत ही पट्टी चिकटवून ठेवा." कागदी पट्टी ऊनही अडवते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन रुपयांच्या वस्तूने होणारी गोष्ट सहाशे रुपयांच्या ट्यूबच्या चिठ्ठीत हरवली होती.

तंबाखूचा मुद्दाही इथेच येतो. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि जखम भरणं मंदावतं. विडी-सिगारेट बंद करा म्हटलं की बायका मान डोलावतात, कारण त्या ओढतच नाहीत. "मिसरी लावता का?" असं सरळ विचारलं, की मग हसू फुटतं.

जिथे सुरी बाजूला ठेवायची

एका कॉलेजच्या मुलीच्या जबड्याच्या कडेला चकाकणारी, गुलाबी, कडक गाठ होती. मुरुमाच्या जागी उगवलेली. ती मूळ जागेच्या बाहेर खेकड्यासारखी पाय पसरत होती. हा केलॉइड. साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीत राहतो आणि काळाबरोबर थोडा बसतो. केलॉइड हद्द सोडतो आणि वाढत राहतो. सावळ्या-काळ्या कातडीच्या लोकांत आणि काही घराण्यांत तो जास्त दिसतो. कानाची पाळी, छाती, खांदा, जबडा या त्याच्या आवडत्या जागा. नुसता कापून काढला तर बहुतेकदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. त्या मुलीच्या आईला कापून हवं होतं आणि आजच हवं होतं. डॉक्टरांनी गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. क्रीममधलं स्टेरॉइड निरोगी चेहऱ्यावर विष आणि हेच औषध गाठीच्या आत, मोजून, दर चार-सहा आठवड्यांनी दिलं तर उपाय. इंजेक्शन देताना डॉक्टरांचा अंगठा पांढरा पडला, इतकी ती गाठ घट्ट होती. मुलीने आईचा हात धरला नाही, खुर्चीचा दांडा धरला.

वर्ष पुढे सरकल्यावर उरलेल्या खडबडीतपणासाठी पृष्ठभाग घासून सपाट करणं, बारीक सुयांनी टोचणं, लेझर, खचलेल्या जागी स्वतःचीच चरबी भरणं असे आणखी उपाय आहेत. सावळ्या कातडीवर लेझर जपून वापरावं लागतं, जास्त झालं तर डाग पडतो. यातलं बरंचसं संभाजीनगर किंवा पुण्याला जाऊन करावं लागतं. भोकरदनच्या तरुणाला त्यातलं काहीच आज नको होतं.

पैसा आणि कायदा

जीएसटीच्या नियमात एक नेमका फरक केलेला आहे. सौंदर्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीवर कर लागतो. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया करमुक्त आहे. अपघाताचा व्रण दुसऱ्या खान्यात बसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही भाजण्यानंतरच्या आणि प्लास्टिक सर्जरीच्या काही उपचारांना जागा आहे. पण तिथे पाय ठेवायला कार्य बिघडलेलं दाखवावं लागतं. पापणी मिटत नाही, तोंड उघडत नाही, मान वळत नाही. गालावरच्या रेघेमुळे मुलगी तीन वर्षं कॉलेजला गेली नाही, हे कुठल्याही अर्जावर लिहिता येत नाही. माझ्या मते तेही कार्य बिघडणंच आहे. चेहरा हा चार माणसांत जाण्याचा अवयव आहे.

अॅसिड हल्ल्यातल्या व्यक्तींसाठी कायद्याने मोठं पाऊल टाकलं. लक्ष्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान तीन लाखांची भरपाई ठरवली, २०१५ मध्ये खासगी रुग्णालयांनीही मोफत उपचार करावेत असं सांगितलं आणि २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात त्यांचा समावेश झाला. त्या लढ्यामुळे एक गोष्ट सगळ्यांना दिसली, की अशा चेहऱ्याला एक शस्त्रक्रिया पुरत नाही, वर्षानुवर्षं उपचार लागतात. दुचाकीवरून पडलेल्या मुलाला त्याचं छोटं रूप लागू आहे.

तारीख काढून येणारे

शेवटी आल्या एक मायलेकी, घनसावंगीकडच्या. लेकीच्या कपाळावर लहानपणी चुलीजवळ पडल्याची खूण. लग्नाची तारीख निघालेली, बावीस दिवसांवर. आईचं म्हणणं, हळदीच्या आधी करून टाका. डॉक्टरांनी नकार दिला. आज केलं तर लग्नात कपाळावर टाक्यांच्या खुणा, सूज आणि लाली असेल. फोटो आयुष्यभर राहतील. लग्नानंतर निवांत या. आईचा चेहरा उतरला. "मुलाकडच्यांनी बघितलंय का हिला?" त्यांनी विचारलं. "बघितलंय की. त्यांना काही नाही त्याचं." मग हे कुणासाठी चाललंय, असं डॉक्टरांनी विचारलं नाही. लेकीकडे वळून म्हणाले, "तुला स्वतःला करून घ्यायचंय का?" ती म्हणाली, "हो. पण मग पट्ट्या लावायला वेळ मिळेल तेव्हा. सासरी गेल्यागेल्या नको." या कक्षात ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं वेळापत्रक तिचं होतं. डॉक्टरांनी तिच्या कागदावर 'पुढच्या पावसाळ्यात' असं लिहिलं, कारण पावसाळ्यात ऊन कमी आणि तेव्हा माहेरी येणं होतंच.

त्या सिस्टरकडे एक वही आहे. कुणाची शस्त्रक्रिया कधी झाली, तिसरा महिना कधी भरतो, कोण आलं नाही. त्या महिन्यात त्या स्वतः फोन करतात. फोटो मागवतात. खिडकीजवळ उभं राहायचं, उजेड एकाच बाजूने, तोच मोबाइल, तेवढंच अंतर. आधीचा आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवून त्या रुग्णाला परत पाठवतात, कारण रोज आरसा बघणाऱ्याला सुधारणा दिसत नाही. भोकरदनच्या तरुणालाही त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधीचा फोटो काढून दाखवला, ज्यात खोल खड्डा आणि डोळ्याचा कोपरा खाली ओढलेला होता. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पट्टीचं रीळ मागून घेतलं.

या कामासाठी त्यांना वेगळा पगार नाही, वेगळी खोली नाही. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे लेझर यंत्र यायला वेळ लागेल, प्लास्टिक सर्जनची कायमची नेमणूकही सोपी नसेल. पण आठवड्यातून एक दिवस व्रणांसाठी ठेवणं, कागदी पट्टी आणि सिलिकॉन जेल मोफत औषधांच्या यादीत घालणं, मालिश शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट आणि फोन करायला एक सिस्टर नेमणं, एवढ्याला त्याची वाट बघायची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना बारीक नायलॉनचा दोरा आणि जखम घासायचे ब्रश पुरवणं त्याहून स्वस्त आहे. घनसावंगीची ती मुलगी पुढच्या पावसाळ्यात येईल, तेव्हा तिच्या पट्ट्या, तिचं जेल आणि तिचे फोन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून व्हावेत, ही मागणी मी इथे लिहून ठेवते आहे.